फावड्यासाठी रांग

वाफेचं इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. सकाळी साडेदहाची गाडी काढायची असेल, तर मोठ्या इंजिनाची आग आदल्या दिवशीच पेटवावी लागते. डोंगरातल्या अरुंद मार्गावरचं छोटं इंजिन असलं, तरी भल्या पहाटे कोणीतरी शेडमध्ये हजर लागतंच. घाई करून चालत नाही. बॉयलर पोलादाचा, आतली भट्टी पुष्कळदा तांब्याची, मधून गेलेल्या नळ्या आणखी वेगळ्या. तापताना प्रत्येक भाग आपापल्या मापानं फुगतो. जबरदस्तीनं तापवलं की सांधे गळायला लागतात. म्हणून आधी कालची राख काढायची, जाळीवर चिकटलेले कोळशाचे खडे फोडायचे, चिमणीखालच्या पेटीत साचलेला अर्धवट जळका चुरा उपसायचा. मग तेलात बुडवलेल्या चिंध्या, त्यावर लाकडं, त्यावर हळूहळू कोळसा. तेवढ्या वेळात दुसरा कोणी तेलाची झारी घेऊन चाकांच्या मधे शिरलेला असतो, आणि त्याच्या पाठीवर थेंबथेंब काळं पाणी गळत असतं. काही तासांनी दाबाचा काटा जागचा हलतो. तोवर सगळ्यांचा दोनदा चहा झालेला असतो.

ब्रिटनमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी असं काम शेकडो ठिकाणी चाललेलं असतं आणि ते करणाऱ्या बहुतेकांना त्याचा पैसा मिळत नाही. निवृत्त शिक्षक, टपाल खात्यातला माणूस, नर्स, संगणकवाला, कॉलेजातली पोरं. उलट हेच लोक संस्थेची वार्षिक वर्गणी भरतात, स्वतःचं पेट्रोल जाळून येतात आणि डबाही घरून आणतात. बंद पडलेल्या आणि पुन्हा उभ्या केलेल्या तिथल्या रेल्वेंवर वीस हजारांहून जास्त स्वयंसेवक राबतात.

वाफेच्या इंजिनांच्या या हौशी मंडळींबद्दल लिहिताना सहसा शिट्टी, धूर आणि बालपण यांच्यावरच पानं भरतात. मला यातली खरी गंमत वेगळी वाटते. जे काम करायला एके काळी पगार देऊनही माणसं मिळेनात, त्याच कामासाठी आज माणसं रांगेत उभी आहेत. आणि ही इंजिनं टिकली ती त्या कामाच्या कटकटीमुळेच. वाफेचं इंजिन एकट्यानं बाळगता येत नाही. त्याला टोळी लागते.

काम किती नकोसं होतं, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कारखान्यांत नोकऱ्यांना तोटा नव्हता. ठरलेली पाळी, बरा पगार, रविवार मोकळा. लोकोशेडमध्ये मात्र पोरगा ‘क्लीनर’ म्हणून लागायचा आणि सुरुवातीची वर्षं इंजिनं पुसत काढायचा. पुढे फायरमन, आणि ज्येष्ठतेच्या यादीत नंबर लागेल तेव्हा ड्रायव्हर. कित्येकांची त्यात चाळिशी उलटायची. ड्यूटी रात्री दोनलाही सुरू व्हायची. ड्रायव्हर-फायरमनला उठवायला शेडमधून पोरगा दार ठोठावायला जात असे. आपल्याकडच्या रेल्वे कॉलन्यांत हेच काम कॉलबॉय करायचा, हातात वही घेऊन, सही घेतल्याशिवाय न हलणारा. दौंड, मनमाड, मिरज, कुर्डुवाडी इथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांत ही अपरात्रीची थाप आठवणारे लोक अजून सापडतील.

अंगमेहनतीचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. १ मे १९२८ पासून लंडन ते एडिंबरा ही सुमारे ३९३ मैलांची गाडी उन्हाळ्यात कुठेही न थांबता धावू लागली. इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, नऊ टनांपर्यंत कोळसा मावायचा, आणि तो फावड्यानंच भट्टीत जायचा. ड्रायव्हर-फायरमनच्या एका जोडीला एवढं झेपणार नाही म्हणून दोन जोड्या असत. गाडी थांबवायची नाही, तर माणसं बदलायची कशी? यासाठी टेंडरमधूनच जेमतेम अठरा इंच रुंदीचा एक बोळ काढला होता. अर्ध्या वाटेत दुसरी जोडी पहिल्या डब्यातून त्या बोळात शिरायची, अंग आक्रसून पुढे जायची, आणि थकलेली जोडी त्याच वाटेनं मागे येऊन बसायची.

कोळसा टाकणं म्हणजे नुसतं ढकलणं नाही. आग सगळीकडे सारखी हवी. मागचे दोन कोपरे जाड, मधे पातळ, कुठे भोक पडलं तर तिथून गार हवा घुसते आणि वाफ बसते. थोडा थोडा आणि वारंवार, हा नियम. समोर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या दोन नळ्या असतात. फायरमनचा एक डोळा कायम तिकडे. पाणी भट्टीच्या छताखाली उतरलं तर छत उघडं पडून वितळण्याइतकं तापतं, आणि मग बॉयलर फुटू शकतो. शेवटचा उपाय म्हणून त्या छतात शिशाचा गाभा भरलेलं बूच बसवलेलं असतं. शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि आगीवर येऊन तिला दाबू पाहते. त्या दिवशी फायरमनची नोकरी जाण्याची शक्यता फार.

एक गोष्ट मात्र या यंत्रात विलक्षण देखणी आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. सिलिंडरमधून काम करून आलेली वाफ सरळ हवेत न सोडता चिमणीच्या खाली एका तोटीतून वर फेकतात. तिच्या झोतानं मागे पोकळी तयार होते, ती भट्टीतली हवा ओढते, आणि आग भडकते. म्हणजे गाडी जितकी जड, चढ जितका खडा, तितके झोत जोरात आणि तितकी आग तेज. हवा किती हवी हे कोणाला सांगावं लागत नाही. चिमणीचा जो ‘झुक झुक’ आवाज आपण लहानपणी काढत आलो, तो या झोतांचाच. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार. मुरलेला माणूस पाठ फिरवूनही, नुसता आवाज ऐकून, व्हॉल्व्ह बिनसले आहेत की नाही ते सांगतो.

ही इंजिनं पुन्हा चालवण्याची सुरुवात वेल्समध्ये झाली. तिथल्या टविन या किनाऱ्यावरच्या गावातून डोंगरात जाणारी टॅलिलिन रेल्वे १८६५ ची, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली, लांबी सव्वासात मैल, रुळांमधलं अंतर दोन फूट तीन इंच. खाणीचे आणि रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स हे त्या भागातले माजी खासदार. खाण १९४६ साली दरड कोसळून बंद पडली, तरी आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल हा शब्द त्यांनी पाळला. १९५० च्या जुलैत ते गेले. तोवर रूळ गवतात असे बुडाले होते, की स्लीपरपेक्षा मातीच्या ढेकळांनीच त्यांना जागेवर धरून ठेवलं होतं. इंजिनं दोन, त्यातलं धावण्याजोगं एक: १८६६ चं ‘डॉलगॉक’.

टॉम रोल्ट हे पेशानं इंजिनिअर आणि वृत्तीनं लेखक. जुन्या कालव्यांवर होडीत राहून त्यांवर पुस्तक लिहिलेला माणूस. ही रेल्वे चालू ठेवण्यासाठी त्यांच्या पुढाकारानं ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा झाली आणि संस्था स्थापन झाली. हेडन जोन्स यांच्या पत्नीनं शेअर संस्थेच्या हवाली केले. १४ मे १९५१ ला हौशी लोकांनी चालवलेली पहिली गाडी टविनहून सुटली. जगात असं आधी कुठे झालं नव्हतं. त्याच वर्षी शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली; त्या विचित्र सव्वादोन फुटी रुळांची दुसरी रेल्वे जवळच असणं, हा नशिबाचाच भाग म्हणायचा. पहिले दोन हंगाम रोल्ट स्वतः व्यवस्थापक होते. त्या काळाबद्दल त्यांनी पुढे जे पुस्तक लिहिलं, त्यात रोमँटिकपणा कमी आणि रुळांवरून घसरलेले डबे, भांडणं, पाऊस जास्त आहे. म्हणूनच ते टिकलं असावं.

याच टॅलिलिनवर गार्डचं काम करायला एक पाद्री येत असत, रेव्हरंड ऑड्री. आपल्या मुलाबाळांना ठाऊक असलेल्या ‘थॉमस’ इंजिनाचे हे जनक. एकदा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी निघाली. चहा-फराळाची विक्री करणारी बाई मात्र स्टेशनवरच राहिली. हा फजितीचा प्रसंग त्यांनी थेट गोष्टीच्या पुस्तकात घातला. म्हणजे पुणे-नाशिकच्या घरांत रात्री झोपताना वाचल्या जाणाऱ्या एका गोष्टीचं मूळ एका स्वयंसेवकाच्या चुकीत आहे.

इकडे ब्रिटनची सरकारी रेल्वे वाफेपासून पाठ सोडवण्याच्या मागे होती. १९५५ ची आधुनिकीकरण योजना, मग डिझेल आणि वीज. सरकारी रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘इव्हिनिंग स्टार’, मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं, आणि ज्याचं आयुष्य काही दशकांचं धरलं होतं, ते पाच वर्षांत निवृत्त झालं. (आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यानं ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० च्या जूनमध्ये काढलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. दोघांना एकच रूपक सुचावं, याचं मला कौतुक वाटतं.) ११ ऑगस्ट १९६८ ला लिव्हरपूल-कार्लाइल ही निरोपाची खास गाडी धावली, तिकीट पंधरा गिनी. त्या काळी ही रक्कम चैनीची होती, तरी गाडी भरली, आणि जे आत नव्हते ते कुंपणांवर, पुलांवर आणि शेतांच्या बांधांवर कॅमेरे घेऊन उभे होते.

ही पिढी आली कुठून? त्यातली बरीचशी वहीतून आली. सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करणारा इयन ॲलन नावाचा तरुण कारकून इंजिनांविषयी विचारणा करणाऱ्या पत्रांना उत्तरं देऊन कंटाळला आणि १९४२ मध्ये त्यानं त्या रेल्वेच्या सगळ्या इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिकाच छापली. ती हातोहात संपली. मग इतर रेल्वेंच्या निघाल्या. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहणारी पोरं समोरून गेलेल्या इंजिनाचा क्रमांक पुस्तिकेत शोधून त्याखाली रेघ मारत. पानं रेघांनी भरत जाणं हाच खेळ. बाहेरच्यांना हे निव्वळ वेड वाटे, आणि ‘ट्रेनस्पॉटर’ ही पुढे चेष्टेची शिवी झाली. पण या रेघांच्या नादात पोरांना देशाचा नकाशा, वेळापत्रक आणि यंत्रशास्त्र असं बरंच काही न कळत येऊन गेलं. पीटर हँडफर्ड नावाच्या ध्वनिमुद्रकानं तर रात्री-बेरात्री घाटात बसून चढणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज टिपले, आणि त्यांच्या तबकड्या लोकांनी घरी बसून ऐकल्या. याच माणसाला पुढे ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं.

वहीवाली पोरं मोठी झाली तेव्हा इंजिनं भंगारात निघाली होती. इथे एका भंगारवाल्याच्या सोयीनं इतिहास वळला. दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदरातल्या डाय वुडम यांनी १९५९ पासून रेल्वेची इंजिनं विकत घ्यायला सुरुवात केली. त्याच वेळी रेल्वे हजारो मालडबेही काढून टाकत होती. डबे तोडायला सोपे, पैसाही झटपट. त्यामुळे वुडम यांच्या माणसांनी आधी डबे कापले आणि इंजिनं पुढे कधीतरी म्हणून बाजूला ठेवली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रांगाच्या रांगा गंजत राहिल्या. हौशी लोक येऊन बघू लागले, पैसे गोळा करू लागले, आणि १९६८ च्या सप्टेंबरात पहिलं इंजिन त्या आवारातून सुटलं. तिथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ अशी सुटली, शेवटचं १९९० मध्ये. ब्रिटनमधल्या आजच्या वाफेच्या इंजिनांपैकी बराच मोठा हिस्सा या एका आवाराचा आहे. वुडम यांना इंजिनांचं प्रेम होतं असं कोणी म्हणत नाही; पण पैसे जमवणाऱ्या गटांना त्यांनी वेळ दिला आणि आरक्षित इंजिनाला हात लावला नाही.

तिथून इंजिन घरी आणणं हा सोपा भाग. तांब्या-पितळेचे भाग केव्हाच चोरीला गेलेले, नळ्या कुजलेल्या. एकेका इंजिनाला पंधरा-वीस वर्षं लागली. आणि पूर्ण झालं म्हणजे झालं असंही नाही. साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून, नळ्या काढून, पत्रा पत्रा तपासून पुन्हा परवाना घ्यावा लागतो. खर्च लाखो पौंडांत. म्हणून कुठल्याही संस्थेत पाच इंजिनं असली, तर दोन चालू, तीन कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर उघडी पडलेली. रविवारी गाडी चालवणाऱ्यांच्या दुप्पट माणसं मंगळवारी-गुरुवारी वर्कशॉपमध्ये कानस घासताना दिसतात. पैसा येतो तो बहुतेक चहा-केक, मुलांसाठीच्या थॉमसच्या जत्रा आणि नाताळातल्या सांताक्लॉजच्या गाड्या यांतून. कट्टर मंडळी यावर कुरकुरतात. पण सांताच्या डिसेंबरानं कित्येक बॉयलर वाचवले आहेत.

फावड्याच्या वेडाचं टोक बघायचं असेल, तर फेस्टिनियॉगला जावं. वेल्समधलीच ही दुसरी अरुंद रेल्वे. १९५५ मध्ये ती पुन्हा चालू झाली, पण वरच्या बाजूचा मार्ग जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली गेला. कोणीही शहाणा माणूस खालच्या अर्ध्या मार्गावर समाधान मानता. यांनी तलावाच्या वरून अडीच मैलांचा नवा मार्ग काढायचं ठरवलं आणि १९६५ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, पहिली कुदळ मारली. त्यासाठी गाडी स्वतःवरूनच फिरून वर चढते असा वेढाही घातला. ब्रिटनच्या सार्वजनिक रेल्वेवर असा वेढा दुसरा नाही. सुट्ट्यांत विद्यार्थी आणि नोकरदार येत, डोंगरात मुक्काम करत, दगड फोडत. नव्या बोगद्यासाठी मात्र खाणकामातली जाणकार माणसं पगारी ठेवावी लागली. १९७८ मध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि १९८२ मध्ये गाडी वरच्या गावापर्यंत पोचली. तेरा वर्षं डोंगर खोदणाऱ्या या लोकांमध्ये लग्नं जुळली, भांडणं झाली, काही जण तिथलेच रहिवासी झाले. इंजिन हे निमित्त होतं असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. निमित्तासाठी कोणी तेरा वर्षं पावसात दगड फोडत नाही.

या छंदात बुडालेलेही आहेत. फेस्टिनियॉग वाचवण्यात पुढाकार घेतलेले उद्योजक ॲलन पेग्लर यांनी १९६३ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे प्रसिद्ध इंजिन ३,००० पौंडांना घेतलं, १९६९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं, आणि तिथे १९७२ मध्ये दिवाळखोर झाले. इंजिन तिथेच अडकलं. पेग्लर प्रवासी जहाजावर व्याख्यानं देत मायदेशी परतले. ते इंजिन दुसऱ्या एका श्रीमंत हौशी माणसानं सोडवून आणलं, आणि २००४ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं ते विकत घेतलं तेव्हा किंमत तेवीस लाख पौंड होती.

याच्या उलट टोकाला ‘टॉर्नेडो’. ज्या वर्गाची एकूण एक म्हणजे ४९ इंजिनं भंगारात गेली होती, त्यातलं एक नव्यानं बांधायचं काही लोकांनी १९९० मध्ये ठरवलं. श्रीमंत मालक नको. आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाची किंमत देणारे पुष्कळ लोक हवेत, हे त्यांचं गणित. मूळ नकाशे सापडले. तेवढा मोठा बॉयलर मात्र ब्रिटनमध्ये बांधून मिळेना, तो जर्मनीतल्या मायनिंगनच्या कारखान्यातून आणावा लागला. २००८ मध्ये सुमारे तीस लाख पौंड खर्चून त्या वर्गाचं ५० वं इंजिन धावलं. ज्या देशानं जगाला वाफेची रेल्वे दिली, त्याला बॉयलर बाहेरून आणावा लागतो, ही गोष्ट तिथले जुने कारागीर अजून कडवटपणे सांगतात.

आता आपल्याकडे. मुंबई-पुण्याच्या माणसाचा वाफेशी संबंध लवकर तुटला. दख्खनची राणी तर १९३० मध्ये पहिल्या दिवसापासून विजेवर धावली. आपल्या वाफेच्या आठवणी अरुंद आणि मीटरगेज मार्गांवरच्या. मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. पण ब्रिटिश हौशी लोकांसमोर सोलापूर जिल्ह्यातलं एक नाव काढलं, तर ते खुर्ची पुढे सरकवतात: बार्शी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर जीआयपी रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आला आणि अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल नेता येतो या कल्पनेनं झपाटला. गुपित साधं होतं: इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके, स्वस्त रूळ चालतात. लीड्सजवळ त्यानं चाचण्या घेतल्या आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून विठोबाला गेल्या.

बार्शीत जमलं ते कॅलथ्रॉपनं इंग्लंडात नेलं. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ मध्ये उघडली, त्याच अडीच फुटी रुळांची. टोकाला व्हरांडे असलेले पिवळे डबे आणि उष्ण देशात शोभतील असे भलेमोठे दिवे लावलेली इंजिनं इंग्लंडच्या धुकट दरीत धावू लागली. ती १९३४ मध्ये बंद पडली. आज तिथे पायवाट आहे. तिची नमुनारूप छोटी रेल्वे आपल्या माळ्यावर बांधणारे लोक मात्र अजून आहेत, आणि त्यांच्यामुळे इंग्लंडच्या खेड्यात बसलेल्या माणसाला बार्शी रेल्वेचं कुर्डुवाडीचं वर्कशॉप ठाऊक असतं. (याच कॅलथ्रॉपनं पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. एका माणसाला किती नाद असावेत!)

माथेरानची इंजिनंही त्याच्याच विचारातून आलेली, जर्मनीत बनलेली. तीव्र वळणं घेता यावीत म्हणून त्यांचे टोकाचे आस थोडे हलू शकत. त्यातलं ७४० क्रमांकाचं इंग्लंडला गेलं आणि लेटन बझर्ड इथल्या हौशी लोकांनी ते सांभाळलं. दार्जिलिंगचं १८८९ चं एक इंजिनही असंच तिकडे पोचलं. एका ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या प्रमुखानं ते घेऊन आपल्या बागेभोवती रूळ टाकले आणि सुट्टीच्या दिवशी तो ते स्वतः चालवायचा. आठवडाभर कचेरीत रेल्वे चालवून सुट्टीला पुन्हा रेल्वेच, याचं आपल्या घरच्यांना काय वाटेल, याची कल्पना करून पाहावी.

सध्या ब्रिटनमधल्या या मंडळींपुढे दोन चिंता आहेत. एक कोळशाची. वेल्समधली फॉस-अ-व्रान ही मोठी खुली खाण २०२३ च्या शेवटी बंद झाली. वाफेच्या गाड्यांना लागणारा बराचसा कोळसा तिथून यायचा. आता परदेशी कोळसा, आणि कोळशाची भुकटी व जैविक पदार्थ एकत्र दाबून केलेल्या अंडाकृती गोळ्यांचे प्रयोग. जुने फायरमन त्या गोळ्यांकडे ज्या नजरेनं बघतात, ती सांगण्यासारखी नाही. दुसरी चिंता माणसांची. सरकारी रेल्वेत वाफेवर काम केलेली शेवटची पिढीही आता म्हातारी झाली आहे. विशीतली पोरं आज ज्यांच्याकडून शिकतात, ते स्वतःच हौशी होते आणि हौशी लोकांकडूनच शिकले. हे शिक्षण फावड्यापासूनच सुरू होतं: आधी पुसायचं, मग राख उपसायची, मग परीक्षा, मग फायरमन. ड्रायव्हर व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. डॉक्टर असो वा सुतार, कोणालाही मधली पायरी गाळता येत नाही, आणि शेडमधली शिवीगाळ सर्वांना सारखी.

फुकट राबण्याची ही कल्पना हौशी लोकांनी नव्यानं काढली असंही नाही. जुन्या काळात ड्रायव्हरच्या परीक्षेचा अभ्यास कंपनी शिकवत नसे. फायरमन आणि ड्रायव्हर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी, शेडजवळच्या एखाद्या खोलीत किंवा टाकून दिलेल्या डब्यात जमत. कोणीतरी लाकडाचा व्हॉल्व्हचा नमुना बनवून आणे, एखादा मुरलेला ड्रायव्हर नियमांची पुस्तिका उघडून प्रश्न विचारी. या वर्गांना ‘म्युच्युअल इम्प्रूव्हमेंट क्लास’ म्हणत. अपरात्रीच्या ड्यूटीला वैतागलेली, धुरानं खोकणारी तीच माणसं आठवड्यातला एकुलता मोकळा दिवस पुन्हा इंजिनापाशी घालवत होती. हौशी रेल्वेंवर हिवाळ्याच्या संध्याकाळी हे वर्ग अजून भरतात, याच नावानं, आणि प्रश्नही बरेचसे तेच: चढावर असताना पाण्याच्या एका नळीची काच फुटली, केबिनमध्ये वाफ कोंडली, काही दिसेनासं झालं, तर पहिला हात कुठे जाईल?

उत्तर देणाऱ्याला डोळे मिटून तोटी दाखवावी लागते.